फॉर्मॅटला ‘हो’ म्हणण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला राहणाऱ्या वडिलांचा सहा वर्षं जुना लॅपटॉप, विंडोज १०, आत १ टीबीची हार्ड डिस्क. गेल्या आठवड्यात पावसात दोन-तीनदा लाइट गेली-आली, बॅटरी आधीच मेलेली, त्यामुळे लॅपटॉप तसाच बंद पडला. तेव्हापासून कंपनीचा लोगो येतो, ठिपके गोल फिरतात, ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ची पाटी येते आणि निळ्या पडद्यावर गाडी थांबते. स्टेशनजवळच्या दुकानदाराने सांगितलं, ‘मॅडम, फॉर्मॅट मारावा लागेल, डेटा जाईल.’ त्या डेटात वडिलांनी जुन्या सीपीयूपासून जपत आणलेला, श्रीलिपीत टाइप केलेला घराण्याचा कुळवृत्तांत आहे आणि आजींच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आजी आता नाहीत. दुसरी प्रत कुठेही नाही.

लॅपटॉप आज संध्याकाळीच दुकानातून घरी आणा. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही. त्याला मशीन चालू करून द्यायचंय, आणि फॉर्मॅट मारून नवं विंडोज टाकलं की ते तासाभरात चालू होतं. पण तुम्हाला आत्ता लॅपटॉप नकोय, ओव्या हव्यात. ही दोन वेगळी कामं आहेत. फायली काढायचं काम आधी, मशीन दुरुस्त करायचं नंतर. क्रम उलटा झाला की पहिलं काम बहुधा कायमचं हातातून जातं. मी बावीस वर्षं हेच करतोय, सुरुवातीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात टेबलावर बसून, नंतर दादरला स्वतःचं थाटून. ‘सगळं गेलं’ म्हणत रडकुंडीला आलेल्या बहुतेक लोकांच्या फायली डिस्कवर जिथल्या तिथे होत्या.

तुमच्या वर्णनात चांगली बातमी आहे. लोगो येतोय, ठिपके फिरतायत, म्हणजे मदरबोर्ड, रॅम, स्क्रीन, चार्जर काम करतायत. मशीन डिस्कपर्यंत पोचतंय आणि तिथून विंडोज उचलताना अडतंय. विंडोज म्हणजे त्याच डिस्कवरच्या हजारो फायली. वीज अचानक गेली तेव्हा त्यातल्या दोन-चार अर्धवट लिहिल्या गेल्या असतील, तर तेवढ्यानेही सुरू होणं थांबतं. वडिलांच्या फायली शेजारच्या फोल्डरमध्ये असतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही. चाळीचा जिना खचला म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांतलं सामान नाहीसं होत नाही, दुसरीकडून शिडी लावावी लागते. १९ जुलै २०२४ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एकाच दिवशी निळ्या पडद्यावर अडकले होते. विमानतळांपासून बँकांपर्यंत सगळीकडे गोंधळ झाला, पण लोकांच्या फायली जशाच्या तशा होत्या. सदोष फाइल काढून टाकली की मशीन पुन्हा उभं राहत होतं.

आता एकच पथ्य, ते कडक पाळा. फायली बाहेर येईपर्यंत या डिस्कवर काहीही लिहिलं जाता कामा नये. निळ्या पडद्यावर ‘रिसेट धिस पीसी’ असतं, त्यात ‘कीप माय फाइल्स’ असा दिलासा देणारा पर्याय असतो. डिस्क ठणठणीत असेल तर तो शब्द पाळतोही, पण आजारी डिस्कवर तो अर्ध्यात अडकला की ना विंडोज धड राहतं, ना फोल्डरांची मांडणी. ‘स्टार्टअप रिपेअर’ही नको. आणि चेकडिस्क तर मुळीच नको. ओळखीतला कोणीतरी हमखास सांगेल की चेकडिस्क मार, ठीक होईल. ते डिस्कची मांडणी दुरुस्त करतं, तुमच्या फायली वाचवणं हे त्याचं काम नाही. जिथे त्याला हिशेब जुळत नाही तिथे ते नोंदी पुसून मोकळं होतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००६ साली एका गृहस्थांची डिस्क माझ्याकडे आली होती, मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात. फोल्डर दिसत होते, उघडायला वेळ लागत होता. मी आधी कॉपी करायला हवी होती. मी चेकडिस्क लावून जेवायला गेलो. परत आलो तेव्हा डिस्कवर अर्थ न लागणाऱ्या नावांच्या शेकडो तुकड्यांचा ढीग होता आणि डिस्क घरघरत होती. अर्ध्याहून कमी फोटो हाती लागले. त्या माणसाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पैसे द्यायला लागले तर मी घेतले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर कॉपीच्या आधी दुरुस्ती होत नाही.

काही करण्याआधी खोलीतला पंखा आणि टीव्ही बंद करा, लॅपटॉप चालू करा आणि डिस्क ज्या बाजूला आहे तिथे कान लावा. बहुधा हाताच्या टेकूखाली, डावीकडे किंवा उजवीकडे असते. मऊ, एकसुरी गुणगुण आणि मध्येच बारीक कुरकुर आली तर ठीक. पण ठरावीक अंतराने टक्‌… टक्‌… टक्‌ असा आवाज, किंवा फिरायला लागून दमल्यासारखं थांबणं, किंवा धातू घासल्यासारखा आवाज आला, तर तिथेच पॉवर बटण दाबून धरून बंद करा आणि खालचं सगळं सोडून ‘टकटक करणारी डिस्क’ म्हटलंय तिथे जा. आत चकत्या मिनिटाला ५४०० फेऱ्या मारत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. हेड निकामी असेल तर प्रत्येक जादा मिनिट चकतीवर ओरखडा काढू शकतं, आणि ओरखडा पडलेल्या जागेवरची ओवी जगातलं कोणतंच यंत्र परत देत नाही.

आवाज ठीक असेल तर पुढचा प्रश्न कुलपाचा. विंडोज १० आणि ११मध्ये बिटलॉकर, किंवा त्याचाच ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाचा लहान भाऊ, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की काही लॅपटॉपांवर आपोआप चालू होतो. मालकाला पत्ताही नसतो. विंडोज चालू असताना कुलूप जाणवत नाही. ते बंद पडलं की डिस्क ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगइन केल्यावर, उपकरणांच्या यादीत ‘रिकव्हरी की’ म्हणून सापडते. वडिलांना आठवत नसेल तर लॅपटॉप घेतला तेव्हा खातं कोणी बनवलं ते विचारा. पुष्कळदा विकणाऱ्या दुकानातल्या पोराने स्वतःचा किंवा दुकानाचा ईमेल टाकून काम उरकलेलं असतं, आणि किल्ली त्याच्या खात्यात पडून असते. अशा दोन किल्ल्या मी जुन्या बिलावरचा फोन नंबर फिरवून मिळवल्यात. किल्ली मिळाली नाही तर कुठलंही दुकान, कुठलीही लॅब ते कुलूप फोडू शकत नाही. ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. दुसरी गोष्ट, ही कुलपं मदरबोर्डवरच्या चिपशी बांधलेली असतात. त्यामुळे कोणी मदरबोर्ड बदलायचं म्हणालं तर त्याआधी किल्ली हातात हवी. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर, त्यातल्या सेटिंगशी खेळलं तरी ती मागितली जाऊ शकते.

आता शिडी लावू. एक रिकामी एक्स्टर्नल डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह आणा. तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस या प्रकारात फॉर्मॅट केलेला असू दे, कारण फॅट३२ या जुन्या प्रकारावर ४ जीबीहून मोठी एकही फाइल बसत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथे अडतो.

सगळ्यात सोपी वाट तुमच्या त्याच निळ्या पडद्यातून जाते आणि तिला दुसरं काहीच लागत नाही. ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘कमांड प्रॉम्प्ट’. वडिलांचा पासवर्ड विचारला तर द्या. काळी खिडकी उघडली की तिथे इंग्रजीत नोटपॅड असं टाइप करून एंटर मारा. साधं नोटपॅड उघडतं. त्यात ‘फाइल’, ‘ओपन’ करा आणि खाली फाइलचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा. आता समोर जी खिडकी आहे ती फाइल शोधायची खिडकी आहे, पण तिच्यात राइट क्लिक करून फोल्डर कॉपी होतं आणि पेनड्राइव्हवर जाऊन पेस्टही होतं. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. रोजचा सी इथे डी किंवा ई म्हणून दिसतो, म्हणून अक्षरावर न जाता ज्यात ‘यूजर्स’ फोल्डर आणि त्यात वडिलांचं नाव आहे तो ड्राइव्ह धरा. पेस्ट केल्यावर किती झालं ते दाखवणारी पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. घाबरून बंद करू नका, पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे. एका वेळी एकच लहान फोल्डर घ्या. कुळवृत्तांत आणि ओव्या मिळून दोन-तीन जीबीच्या वर नसाव्यात. तुमचं काम कदाचित इथेच, चहा गार व्हायच्या आत होईल.

फोटो-व्हिडिओ धरून शंभर-दोनशे जीबी काढायचे असतील, किंवा निळा पडदाही येत नसेल, तर दुसरी वाट. शेजाऱ्यांच्या चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका फुकट प्रणालीच्या, अधिकृत साइटवरून त्याची आयएसओ फाइल (अख्खी प्रणाली एका फाइलमध्ये) उतरवा, जवळपास ३ जीबीची आहे. रूफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका. त्या पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामाच घ्या, आणि फायली साठवायचा ड्राइव्ह चुकून निवडला गेला नाही ना, ते रूफसमध्ये दोनदा बघा. मग तो बंद लॅपटॉपला लावून, चालू करताच बूट मेन्यूची (मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीची) कळ टिचक्या मारल्यासारखी दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप दाबून मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चालतं, पण आधी बायोसमध्ये जाऊन तो मेन्यू चालू करावा लागू शकतो. काही लेनोव्होंना बाजूला टाचणीने दाबायचं बारीक छिद्र असतं, तेही हेच काम करतं. यादीत पेनड्राइव्ह निवडला की लॅपटॉप डिस्कवरच्या विंडोजला हातही न लावता पेनड्राइव्हवरून चालू होतो. तोच मरायला टेकलेला लॅपटॉप पाच मिनिटांत नीट उभा राहिलेला बघून लोकांचे डोळे भरतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असं एक चिन्ह असेल. त्याच्या वाटेला जायचं नाही, ते डिस्कवर लिहितं. ‘कॉम्प्युटर’ उघडा, डिस्क दिसेल, तिच्यात ‘यूजर्स’ आणि त्यात वडिलांचं फोल्डर. विंडोज अर्धवट झोपेत बंद झालेलं असलं तर लिनक्स डिस्क नुसती वाचण्यापुरती उघडतं. तुम्हाला तेवढंच हवंय. उघडतच नसेल तर इंटरनेटवर ‘ही कमांड मारा’ म्हणून एनटीएफएसफिक्स वगैरे सापडेल, तीही डिस्कवर लिहिते, तेव्हा तो मोह टाळा आणि तिसऱ्या वाटेने जा. कुलूप असेल तर इथेही तेच ४८ आकडे मागितले जातात. डिस्क मुळात यादीतच नसेल तर नव्या लॅपटॉपांत इंटेलच्या आरएसटी नावाच्या डिस्क हाताळणाऱ्या सेटिंगमुळे ती लपलेली असू शकते. तुमच्या साध्या हार्ड डिस्कला हा त्रास सहसा होत नाही.

तिसरी वाट म्हणजे डिस्कच बाहेर काढणं. मला हीच सगळ्यात जास्त आवडते, कारण दमलेल्या मशीनला मधून काढून टाकता येतं. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या भडकमकर मार्गावर, ग्रँट रोड स्टेशनातून चालत पाच-सात मिनिटांवर, कोणत्याही दुकानात ‘लॅपटॉपच्या हार्ड डिस्कसाठी साटा टू यूएसबी’ मागा, म्हणजे डिस्कची साटा पिन यूएसबीला जोडणारी केस किंवा वायर. अडीच इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरते. डेस्कटॉपची साडेतीन इंची असेल तर १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेलं घ्या, नाहीतर ती फिरणारच नाही. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.२ एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क असेल तर ती साटा आहे की एनव्हीएमई (जोडणीचे दोन प्रकार), हे तिच्यावरच्या लेबलवर बघून केस घ्या. दोन्हीची केस बहुधा वेगळी असते. डिस्क सोबत नेणार असाल तर जाड कापडात गुंडाळा, आणि विरार लोकलच्या गर्दीत बॅग पोटाशी धरा. दुसऱ्या विंडोज मशीनला लावल्यावर ‘फॉर्मॅट करायची का’ किंवा ‘स्कॅन अँड फिक्स’ असं विचारलं तर दोन्हीला नाही म्हणायचं. ‘परवानगी नाही’ असं आलं तर ‘कंटिन्यू’ दाबू नका, कारण तेव्हा विंडोज त्या डिस्कवर परवानग्या लिहायला बसतं. लिनक्समधून वाचलं की ही कटकट येत नाही.

काय काढायचं, यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि सगळ्यात जास्त पस्तावतात. ‘यूजर्स’ फोल्डर अख्खं उचलून एका दमात पेस्ट करू नका. मध्ये एक खराब जागा लागली की सगळं लटकतं. ज्याची दुसरी प्रत जगात नाही ते आधी, मग बाकीचं. तुमच्या बाबतीत ओव्या पहिल्या. विंडोज १०च्या व्हॉइस रेकॉर्डरने केलेली रेकॉर्डिंग ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘साउंड रेकॉर्डिंग्ज’ फोल्डरात पडतात. फोनवरून आणलेली असतील तर ‘डाउनलोड्स’, ‘म्युझिक’ आणि थेट डेस्कटॉपही तपासा. वयस्कर माणसं बहुतेक सगळं डेस्कटॉपवरच ठेवतात.

मग कुळवृत्तांत, आणि इथे जरा थांबून नीट वाचा. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, आयएसएमचे जुने फॉन्ट, यांत टाइप केलेल्या फाइलमध्ये खरं मराठी नसतं. इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फाइल वाचली, फॉन्ट गेला, तर नव्या मशीनवर उघडल्यावर पानभर निरर्थक चिन्हं दिसतात आणि माणूस समजतो की फाइल खराब झाली. म्हणून फायलींबरोबर विंडोज फोल्डरातलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही उचला. फार मोठं नसतं. एक छापखानेवाले काका माझ्याकडे वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची पानं घेऊन आले होते. दुसऱ्याने त्यांच्या फायली सगळ्या वाचवल्या होत्या, फॉन्ट सोडून. वडिलांच्या कपाटात त्या सॉफ्टवेअरची सीडी किंवा कॉम्प्युटरच्या मागे लावायचं लॉक (डोंगल) असेल तर तेही सांभाळून ठेवा. पुढे तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या खऱ्या मराठीत, नेता येतो, त्याचे कन्व्हर्टर मिळतात. फक्त रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात.

बाकीचं झटकन. आउटलुकची मेल बहुधा ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये पीएसटी म्हणून असते. थंडरबर्डची ‘अ‍ॅपडेटा’ या लपलेल्या फोल्डरात. क्रोमचे बुकमार्क तिथून मिळतात, साठवलेले पासवर्ड मात्र नुसत्या कॉपीने मिळत नाहीत, ते त्या विंडोजशी बांधलेले असतात. टॅली वापरत असतील तर तिचं डेटा फोल्डर ‘यूजर्स’मधल्या ‘पब्लिक’मध्ये किंवा थेट सी ड्राइव्हवर शोधा. वनड्राइव्हमध्ये दिसणाऱ्या काही फायली नुसत्या सावल्या असतात, मजकूर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असतो. त्या वेबवरून उतरवा.

कॉपी चालू असताना वेगावर लक्ष ठेवा. चांगली डिस्क मोठ्या फायली सेकंदाला ७०-८० एमबीच्या आसपास देते. वेग केबीवर घसरला, एकाच फाइलवर मिनिटेच्या मिनिटे गेली, तर तिथे खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा आहेत. ती फाइल सोडा, पुढची घ्या, राहिलेल्याची नोंद कागदावर ठेवा. मिंटमध्ये ‘डिस्क्स’ नावाचं अ‍ॅप असतं, त्यात ‘स्मार्ट डेटा’, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा अहवाल, बघता येतो. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी शून्य असतील तर बिनघोर काढा. ‘पेंडिंग’ दहा-वीस असेल तर घाई करा. शेकड्यांत असेल तर एकेक फोल्डर काढत बसण्यापेक्षा पूर्ण डिस्कची प्रतिमा (इमेज), म्हणजे एका फाइलमध्ये तिची हुबेहूब नक्कल, घेणं बरं.

त्यासाठी मी डीडीरेस्क्यू वापरतो, फुकट आहे. पहिल्या फेरीत ते सोप्या, निरोगी जागा भराभर वाचून घेतं आणि अडलेल्या जागा वगळत जातं, नंतर परत येऊन त्यांच्यावर प्रयत्न करतं. कुठवर आलो याची नोंद एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं. त्यामुळे लाइट गेली, डिस्क तापली, थांबवावं लागलं, तरी पुन्हा तिथूनच सुरू होतं. १ टीबीची प्रतिमा घ्यायला २ टीबीची रिकामी डिस्क घ्या. एकदा प्रतिमा हातात आली की मूळ डिस्क पाकिटात घालून बाजूला ठेवायची आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतिमेवर करायचे. फोल्डर दिसत नसतील तर हरवलेली मांडणी शोधणारं टेस्टडिस्क हे सॉफ्टवेअर, तेही नाही तर फोटोरेक. फोटोरेक नावं विसरतं पण फोटो, वर्ड, ऑडिओ त्यांच्या आतल्या खुणांवरून वेचून काढतं. डीडीरेस्क्यूमध्ये कुठली डिस्क वाचायची आणि कुठे लिहायचं हे उलट टाइप झालं तर मूळ डिस्कच पुसली जाते. कमांड लाइनची सवय नसेल तर हे काम स्वतः करू नका. सवय असलेला पोरगा शेजारी बसवा, आणि एंटर मारण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचा.

टकटक करणारी डिस्क. हिच्यावर घरी करण्यासारखं काहीही नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो. मुंबईच्या दमट हवेत फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कच्या आत पाणी धरतं आणि उरलीसुरली आशा जाते. खाली लावलेली हिरवी पाटी तशाच मॉडेलच्या डिस्कवरून काढून बसवायची युक्ती वीस वर्षांपूर्वी चालायची. आताच्या डिस्कांत प्रत्येकीची स्वतःची जुळवणी पाटीवरच्या एका चिपमध्ये असते, ती चिप उपटून नव्या पाटीवर बसवल्याशिवाय उपयोग नाही. डेटा रिकव्हरीची खरी लॅब गाठा आणि तीन गोष्टी लेखी घ्या: तपासणीचे पैसे किती, काही निघालं नाही तर किती, आणि पैसे देण्याआधी निघालेल्या फायलींची यादी दाखवणार का. डिस्क कुठे उघडणार ते विचारा. धूळ गाळलेल्या हवेच्या बंदिस्त टेबलाऐवजी उघड्या काउंटरवर स्क्रू फिरवायला लागला तर तिथून उठा. आणि आधी कोणीही काय-काय करून बघितलंय ते लॅबला खरं सांगा, लपवलं तर त्यांचा वेळ आणि डिस्कचं आयुष्य दोन्ही जातं.

हे वाचणाऱ्या इतरांचा प्रकार वेगळा असू शकतो, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. पंखा फिरतोय, दिवे लागतात, पडदा काळा, असं असेल तर आधी एचडीएमआय वायरने घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर फक्त स्क्रीन गेलीय, फायली टीव्हीवर बघत कॉपी करा. चित्र नाही आलं तर चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा लावा. तरी नाही, तर रॅम. वर्सोवा, वरळी कोळीवाडा, खाडीकाठची ऐरोली, अशा ठिकाणच्या मशीनांच्या रॅमचे सोनेरी दात खाऱ्या दमट हवेने काळवंडतात. बॅटरी सुटी करून रॅम काढा, पांढऱ्या खोडरबराने दात हलके पुसा, फुंकर न मारता कोरड्या ब्रशने झटका, खटकन बसेपर्यंत लावा. दिवसाला एक तरी ‘मेलेलं’ मशीन माझ्याकडे एवढ्यावर उठतं.

एसएसडी मात्र आवाज न करता जाते. काल होती, आज बायोसमध्येच नाही. तिच्यावरून पुसलेलं परत मिळण्याची आशाही कमी, कारण ट्रिम नावाची सोय पुसलेल्या जागा आतून रिकाम्या करून टाकते. म्हणून एसएसडीच्या मशीनवर फॉर्मॅटला तर दुप्पट सावधपणे नाही म्हणा. मॅकबुक आणि काही पातळ लॅपटॉपांत साठवण बोर्डवरच डाखलेली असते, तिथे डिस्क काढायची वाट बंद आणि आधी बोर्ड जगवावा लागतो.

पाण्यात बुडालेल्यांसाठी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, त्यानंतरचे दोन महिने आमच्याकडे कलिना, कुर्ला, साकीनाका इथून चिखलाने भरलेले सीपीयू येत होते. ज्यांनी ते उन्हात वाळवून ‘बघू चालतंय का’ म्हणून चालू केले, त्यांच्या डिस्का आमच्यासमोर मेल्या. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथून गढूळ पाणी आत जातं, आणि वाळलं की गाळ चकतीवर चिकटून बसतो. भिजलेली डिस्क चालू करू नका, तांदळात पुरू नका, हेअर ड्रायर लावू नका. ओलसरच प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घाला आणि लॅबला न्या.

पुन्हा तुमच्याकडे. फायली एक्स्टर्नल डिस्कवर आल्या की लगेच आनंद करू नका. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि फायली प्रत्यक्ष उघडा. नुसती नावं किंवा छोटी चित्रं दिसणं पुरेसं नाही, ० केबीच्या फायलीलाही नाव असतं. फोटोंतले सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे दहा-पंधरा बघा. ओव्या प्रत्येक शेवटपर्यंत ऐका, अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला छान वाजते आणि मध्येच तुटते. मग लगेच दुसरी प्रत करा, तुमच्याकडे किंवा भावाच्या घरी ठेवायला, आणि ओव्या गूगल ड्राइव्हवर चढवा.

कुळवृत्तांताची फाइल मात्र तुम्ही तपासू नका. फॉन्ट टाकून ती वडिलांसमोर उघडा. पान कुठे होतं, कुठल्या पिढीपाशी ते थांबले होते, कुठलं नाव शेवटी दुरुस्त केलं होतं, हे त्यांनाच माहीत. जुनी आवृत्ती निघाली तर ती तेच ओळखतील, आणि मग नवीची फाइल त्याच फोल्डरात दुसऱ्या नावाने शोधता येईल, कारण मूळ डिस्कला अजून कोणी हात लावलेला नसेल. त्यांनी ‘हो, हेच’ म्हटल्यावर लॅपटॉप पुन्हा त्या दुकानदाराकडे न्या. नवी एसएसडी घालून तीवर विंडोज टाकायला सांगा, आणि जुनी हार्ड डिस्क त्याच्याकडून मागून घ्या.